वरचं बोलणं, खालचे हात: एका व्हीआर कथेची घडण

आमची व्हीआर कथा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरून पाहायची कथा, जेमतेम अकरा मिनिटांची आहे. एक मोठं टेबल, भोवती बसलेली चार मोठी माणसं आणि टेबलाखाली लपलेली सात-आठ वर्षांची मुलगी. तिचे आईवडील वेगळे होताहेत आणि तिने कुणाकडे राहायचं, याची बोलणी वर चालली आहेत. हेडसेट घालून उभं राहिलं की जपून, तोलून-मापून केलेलं बोलणं ऐकू येतं. खाली बसून, टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाआड गेलं की त्याच माणसांचे हात-पाय दिसतात आणि वेगळीच गोष्ट सुरू होते. बटण कुठलंच दाबायचं नाही. कधी उभं राहायचं, कधी वाकायचं, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. ही कथा उभी करताना काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते आहे. या माध्यमाबद्दल माझ्या वाचनात जे आलं ते बहुतेक यंत्रांबद्दल होतं. त्यातून गोष्ट कशी सांगतात, याबद्दल फार थोडं.

मी मूळची पुस्तकांसाठी चित्रं काढणारी. चित्रकाराच्या हातात चौकट असते. काय दाखवायचं याइतकंच काय कापायचं, हेही आम्हीच ठरवतो. व्हीआरमध्ये ही चौकट जाते, आणि त्यामुळे या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की प्रेक्षक भलतीकडेच बघत राहिला तर? मीही बराच काळ याच प्रश्नाभोवती फिरत होते. मग जुने प्रयोग वाचायला घेतले. रॉबर्ट बार्कर यांनी १७९३ मध्ये लंडनला खास पॅनोरमासाठी गोल इमारत बांधली होती. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने मधल्या चौथऱ्यावर यायचे आणि चहूबाजूंनी चित्र दिसायचं, कड कुठेच नाही. म्हणजे चौकट लपवणं ही काही नवी गोष्ट नव्हे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी केलं ते मात्र खरंच नवं होतं. त्यांचं डोक्यावर घालायचं यंत्र इतकं जड होतं की त्याला छतापासून आधार द्यावा लागे, आणि त्यात दिसायच्या त्या नुसत्या रेघांच्या साध्या आकृत्या. पण डोकं हलवलं की आकृतीची दुसरी बाजू दिसायची. वाकलं की खालची बाजू. पॅनोरमा कितीही मोठा असला तरी त्याच्याखाली वाकून बघता येत नाही.

तिसरा धागा मिळाला तो चार डेव्हिस (Char Davies) या कॅनेडियन कलावतीच्या १९९५ मधल्या 'ओस्मोज' या कलाकृतीत. त्यात प्रेक्षकाच्या छातीभोवती श्वास मोजणारा सेन्सर असायचा. श्वास आत घेतला की माणूस वर तरंगायचा, सोडला की खाली जायचा, झुकेल त्या दिशेला सरकायचा. डेव्हिस स्कूबा डायव्हिंग करत खोल पाण्यात उतरत, तिथून हे त्यांना सुचलं. हाताने चालवायचं उपकरण त्यांनी जाणूनबुजून ठेवलं नाही. हे वाचलं आणि माझा प्रश्न बदलला. प्रेक्षकाची नजर कशी पकडून ठेवायची, याऐवजी त्याच्या शरीराची कुठली हालचाल या कथेची आहे, हे शोधायचं. टेबलाखाली लपलेल्या मुलीच्या गोष्टीत ती हालचाल वेगळी शोधावी लागली नाही. वाकणं.

पुढचा प्रश्न जास्त अवघड निघाला: पाहणारा कोण? सुरुवातीच्या मसुद्यात तो स्वतःच मुलगी होता. मनातलं बोलणं तिच्या आवाजात त्याच्या डोक्याच्या आतून ऐकू यायचं. करून बघितलं तेव्हा लोक आधी स्वतःचे हात शोधू लागले, मग तो आवाज आपला नाही म्हणून अस्वस्थ झाले. म्हणून मुलीला वेगळं केलं. ती टेबलाखाली आधीपासून बसलेली असते, तुम्ही खाली आलात की मान वळवून बघते आणि जरा बाजूला सरकून तुम्हाला जागा देते. एवढंच. ती सरकली की बघणारी माणसंही स्वतःला आवरून, गुडघे जवळ घेऊन बसतात. मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये व्हीआरमधल्या दोन वेगळ्या भासांची मांडणी केली होती: आपण या जागी आहोत हा एक भास, आणि इथे घडतंय ते खरोखर घडतंय हा दुसरा. पहिला भास बऱ्यापैकी यंत्र देतं. दुसरा मिळतो तो समोरचं जग आपली दखल घेतं तेव्हा. आमच्या कथेत तो त्या सरकण्याने मिळाला. त्या एका हालचालीवर आम्ही इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त काम केलं, आणि ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं.

संगणकाला हात लावण्याआधी आम्ही खरं टेबल घेतलं, त्यावर मोठी चादर टाकली आणि ओळखीच्या नटांना भोवती बसवलं. प्रत्येकाने आळीपाळीने खाली जाऊन बसायचं. संहिता तिथेच लिहिली गेली, दोन उंचींवर. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात वर काय चाललंय आणि खालच्या अर्ध्या भागात त्याच क्षणी खाली काय चाललंय. वर वडील म्हणतात, "तिला हवं तेच होईल." खाली त्यांच्या हातातला कागद घडीवर घडी पडून लहान लहान होत जातो. वर आईचा आवाज एकसारखा शांत. खाली तिचा अंगठा जमिनीत रुतल्यासारखा टेकलेला. आजीचा हात एकदा आईच्या हाताकडे येतो आणि मध्येच थांबतो. वर त्या वेळी आजी हिशेबाचं काहीतरी बोलत असते.

एका जागी असताना दुसरीकडचं हुकणार, हे आम्ही मान्य करून टाकलं. प्रत्येकाला सगळं दिसलंच पाहिजे हा आग्रह सोडल्यावर लिहिणं मोकळं झालं. पण एक गोष्ट कुणाचीही हुकून चालणार नव्हती: मुलगी इथे आहे, हे वरच्यांना कळतं तो क्षण. त्यासाठी पेला आला. वर कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून तो कडेवरून घरंगळतो. खाली तो मुलीच्या पुढ्यात येऊन फुटतो. उभा असलेला तो जाताना पाहतो, बसलेला येताना पाहतो, आणि दोन्हीकडचं बोलणं एकाच वेळी थांबतं. नाटकात असा क्षण प्रकाशाने बांधता येतो, सिनेमात कटने. इथे तो गुरुत्वाकर्षणाने बांधला.

टेबलाच्या मापाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण अख्खी कथा तिथे अडली होती. नेहमीचं टेबल साधारण पाऊण मीटर उंच असतं. जमिनीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळेही साधारण तेवढ्याच उंचीवर येतात. म्हणजे टेबल खऱ्या मापाचं ठेवलं, तर खाली बसलेल्याचं डोकं फळीतच जाणार. शिवाय हेडसेटच्या भिंगांचं फोकस ठरावीक अंतरावर, मीटर-दोन मीटरच्या आसपास बांधलेलं असतं. वस्तू अगदी जवळ आली की दोन्ही डोळे तिच्याकडे वळतात, पण डोळ्यांच्या आतलं भिंग मात्र लांबच्या फोकसवरच राहतं, आणि या ओढाताणीने डोळे थकतात, डोकं दुखतं. अर्ध्या मीटरच्या आत फार वेळ काही ठेवू नये, असं जाणकार सांगतात. आमचे हात तर चाळीस सेंटिमीटरवर होते, आणि सगळी कथा त्या हातांतच होती.

उत्तर कथेतूनच आलं. लहान मुलीला ते टेबल मोठंच दिसत असणार. म्हणून खाली गेल्यावर सगळं जग १.६ पट मोठं होतं. टेबल १.२ मीटर उंच होतं, हात चौसष्ट सेंटिमीटरवर जातात, आणि बघणारा नकळत लहान होतो. हा बदल नेमका केव्हा करायचा, यावर आमच्यात खूप चर्चा झाली. डोळ्यांदेखत जग फुगलं तर पोटात ढवळतं. वाकताना डोळ्यांसमोरून कापडाची कड सरकते, त्या क्षणभराच्या अंधारात आम्ही तो करतो. उठताना तेच उलटं. पाहणाऱ्यांना विचारलं तर जग मोठं झालं असं कुणीच म्हणत नाही. "खाली गेल्यावर लहानपणीसारखं वाटलं," असं मात्र अनेक जण म्हणतात. दृष्टिशास्त्राची अडचण आणि कथेची गरज एकाच आकड्यात सुटली, याचा आनंद मला अजून आहे.

चित्रं मी हेडसेट घालूनच काढली. टिल्ट ब्रश हे हवेत रंगवण्याचं साधन गूगलने २०२१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि त्यातून ओपन ब्रश तयार झालं. आमची सुरुवात त्याने झाली. पुढे क्विल हे तसंच दुसरं साधन वापरलं, कारण त्यात काढलेलं हलवता येतं, त्याचं ॲनिमेशन करता येतं. कागदावर चित्र काढताना मनगट आणि कोपर चालतं. इथे टेबलाच्या पायाची एक रेघ ओढायला बसकण मारून उठावं लागतं. दुपारपर्यंत मांड्या भरून यायच्या. पण रेघेला त्यामुळे शरीराचं माप मिळतं. मुलीच्या केसांची रेघ मी गुडघ्यावर बसून काढली आहे आणि ती तशीच दिसते.

या रेघांची किंमत मात्र यंत्राला मोजावी लागते. प्रत्येक फटकारा यंत्र शेकडो छोट्या त्रिकोणांतून घडवतं, आणि अर्धपारदर्शक फटकारे एकावर एक आले की तोच ठिपका पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. आम्ही संगणकाशी तार न जोडता चालणारा हेडसेट धरला होता. सेकंदाला ७२ चित्रं, म्हणजे एका चित्राला १४ मिलिसेकंदांहून कमी वेळ, तोही दोन्ही डोळ्यांसाठी मिळून. डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत राहिला नाही, तर कानातला तोल सांभाळणारा अवयव एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, आणि माणसाला मळमळतं. म्हणून पारदर्शक रंग जवळजवळ सगळे गेले. दूरच्या भिंतींवरचा उजेड आधीच मोजून चित्रातच भरून टाकला. वरच्या माणसांचे चेहरे थोडक्या फटकाऱ्यांचे झाले, आणि वाचलेले सगळे त्रिकोण आम्ही हातांना दिले. ही काटकसर कथेच्या बाजूची होती. वरचं जग जरा अपुरं, खालचं भरलेलं.

हातांच्या हालचाली नटांकडूनच घेतल्या. हेडसेटचे कॅमेरे डोक्यावर असतात, त्यांना टेबलाखालचे हात दिसत नाहीत. म्हणून टेबल काढून टाकलं, नटांना नुसत्या खुर्च्यांवर बसवलं, हात टिपणारा छोटा लीप मोशन सेन्सर खालच्या स्टुलावर वर तोंड करून ठेवला. नट संवाद म्हणत आणि त्यांचे हात मांडीवर जे करायचे ते करत. ठरवून केलेल्या हालचालींपेक्षा बोलण्याच्या भरात झालेल्या हालचाली कितीतरी चांगल्या निघाल्या. बोटं एकमेकांत गुंतली की मात्र सेन्सरला काही कळेनासं व्हायचं. आईने एकदा दोन्ही हात घट्ट विणून धरले होते, तो भाग मी एकेक चित्र काढून पुरा केला.

आवाजाबद्दल मी सर्वांत जास्त शिकले. हेडसेटमध्ये डोळ्यांसमोर सुमारे शंभर अंशांचंच जग असतं, कान मात्र मागचंही ऐकतात. म्हणून या माध्यमात पाहणाऱ्याला हळूच वळवायचं काम आवाजच करतो. जॉन हल या दृष्टी गमावलेल्या अभ्यासकाच्या ध्वनिमुद्रित रोजनिशीवर बेतलेली 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस' ही व्हीआर कलाकृती २०१६ मध्ये आली. तिच्यात जे वाजतं तेवढंच दिसतं. व्हीआरमधल्या गोष्टीचा कणा आवाज असू शकतो, हे मला तिच्यामुळे पटलं. आमच्या ध्वनिसंयोजकाने प्रत्येक नटाला स्वतंत्र माइक दिला, आणि टेबलाच्या मधोमध, खाली, सगळ्या दिशांचा आवाज एकत्र घेणारा ॲम्बिसॉनिक माइक ठेवला. फळीखालून ऐकलेल्या आवाजातली व्यंजनं बोथट होतात, शब्द विरतात, सूर उरतो. हे नंतर फिल्टर लावूनही करता येतं आणि थोडं आम्ही केलंही, पण खऱ्या टेबलाखाली टिपलेल्या आवाजात खुर्चीची करकर आणि पाय घासल्याचा आवाज जितका जवळ येतो, तो फिल्टरने येत नाही. खाली बसलं की आई नेमकं काय बोलते ते कळत नाही. ती कशी बोलते ते कळतं. मुलीला एवढंच कळत असणार.

मग चाचण्या. पहिलं मिनिटभर लोक काहीही ऐकत नाहीत, हे लगेच लक्षात आलं. ते छत बघतात, मागे वळतात, भिंतीत हात घालून बघतात. म्हणून पहिल्या मिनिटात काहीच महत्त्वाचं घडत नाही. माणसं येतात, खुर्च्या सरकतात, पाणी ओतलं जातं. "खाली वाका" असं कुठेही लिहायचं नाही, यावर मी ठाम होते. कापडाखालून एक रंगखडू गडगडत बाहेर येतो आणि एक छोटा हात तो ओढून परत आत नेतो. बहुतेक माणसं तेवढ्याने खाली जातात. काही जण शेवटपर्यंत उभेच राहतात आणि अतिशय समंजस मोठ्या माणसांची गोष्ट पाहून जातात. तीही पुरी गोष्ट आहे.

चाचणीला चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या एका प्रेक्षकाने हेडसेट काढून सांगितलं, "मला खाली जाता येत नाही, पण कापड ओढता येईल." त्या एका वाक्यातून कथेची दुसरी वाट निघाली. आता कुणीही हात पुढे करून कापडाची कड चिमटीत धरू शकतो आणि आपल्या डोक्यावरून ओढून घेऊ शकतो. कापड डोळ्यांवरून गेलं की आजूबाजूचं जग वर उचललं जातं आणि बसल्या जागी तुम्ही टेबलाखाली असता. गुडघे दुखणाऱ्यांनाही याचा उपयोग झाला. पण सोयीपलीकडेही त्यात काही आहे. वाकणारा माणूस लपायला जातो; कापड ओढणारा आसरा ओढून घेतो. मुलीची त्याच्याकडे बघण्याची नजरही आम्ही मग थोडी बदलली.

व्हीआरला सहानुभूतीचं यंत्र म्हणण्याची एक चाल आहे. दिग्दर्शक क्रिस मिल्क यांनी २०१५ च्या एका भाषणात तसं म्हटलं आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा ऐकू येतं. मला हा दावा पटत नाही. अकरा मिनिटं टेबलाखाली बसून कुणी त्या मुलीचं दुःख आपलंसं करून घेत नाही. तिच्या शेजारी बसता येतं, एवढंच या माध्यमाला जमतं. तेवढं नीट करायचं असेल तर तिची जागा घेण्याचा मोह सोडावा लागतो. आपण पाहणाऱ्याला मुलगी बनवलं नाही, याचं मला दर चाचणीला बरं वाटत गेलं.

एआर आवृत्ती, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेवर आभासी चित्रं दाखवणारी, नंतर केली, फोनवर चालणारी. २०१७ मध्ये ॲपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर ही त्यासाठीची साधनं आणली, तेव्हापासून साध्या फोनलाही जमीन आणि टेबलाचा पृष्ठभाग ओळखता येऊ लागला. इथे टेबल पाहणाऱ्याचं स्वतःचं. त्याच्याभोवती फक्त आवाज, आणि वाकून फोन खाली धरला की हात आणि पाय. मोठी माणसं नाहीत, खोली नाही. अडचण अशी, की कॅमेऱ्यातले ठळक ठिपके आणि फोनच्या हालचालीचे सेन्सर यांचा मेळ घालून फोन आपली जागा ओळखतो, आणि टेबलाखाली असतो अंधार आणि सपाट फळी. ठिपके सापडत नाहीत आणि हात हवेत भरकटतात. म्हणून आधी उभ्यानेच टेबल आणि जमीन टिपून घ्यायची, आणि खाली गेल्यावर फोनचा टॉर्च लावायचा. टॉर्च आम्ही कथेतच घेतला: उजेड पडेल तिथेच हात दिसतात आणि उजेड पडला की ते क्षणभर थिजतात. कथा मात्र तीन मिनिटांवर आणावी लागली, त्याहून जास्त वेळ वाकून फोन धरवत नाही. लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असलेल्या फोनवर खुर्चीच्या पायामागे गेलेला हात खरोखर मागे जातो. बाकीच्यांवर तो पायावरूनच दिसतो, आणि ते मला खटकतं.

व्हीआरचा प्रयोग लावला तेव्हा एका वेळी एकच प्रेक्षक. हेडसेट पुसणं, पट्टे बसवणं, बाहेर आल्यावर माणसाला दोन क्षण देणं, हे धरून तासाला तिघं-चौघंच होतात. २०१७ ची सिनेदिग्दर्शक इन्यारितू यांची 'कार्ने इ अरेना' हीसुद्धा एकेका माणसाने, अनवाणी, वाळूवर चालत बघायची कलाकृती होती. त्यामुळे ही संथ गती मला या माध्यमाचा दोष वाटत नाही. पण बाहेर थांबलेल्यांनी काय करायचं? 'ओस्मोज'मध्ये आतल्या माणसाची सावली पडद्यावर पडत असे आणि बाहेरचे ती पाहत. आम्हीही पातळ पडदा लावला. थांबलेल्यांना मुलगी दिसत नाही, टेबल दिसत नाही. फक्त एक मोठं माणूस अवघडून खाली बसताना आणि कुणाला तरी जागा करून देताना दिसतं.

आता दोघांसाठीची आवृत्ती हाती घेतली आहे. एकाच खोलीत दोन हेडसेट, एक वर, एक खाली. जागा दोघांची एकच धरायची, पण खालच्याचं जग १.६ पट मोठं, म्हणजे दोघांच्या दृष्टीने एकमेकांचं शरीर वेगवेगळ्या जागी. चालताना धक्का लागू नये म्हणून वरच्याने टेबलाच्या कुठल्या बाजूला राहायचं, हे आखून झालं आहे. वरच्याला खालच्याची चाहूल द्यायची की नाही, यावर ध्वनिसंयोजक आणि मी अजून भांडतो आहोत. त्याला एक पावलाचा आवाज हवा आहे. मला पेला फुटेपर्यंत काहीही नको आहे.